श्रमदानातून घरकुल: पैसा नेमका कुठे वाचतो?

"पोरं लागली का घर फुकटात उभं राहते," असं आपल्याकडे सहज बोललं जातं. गावात गणेश मंडळ असतं, गुरुदेव सेवा मंडळाची शाखा असते, कॉलेजात जाणारी मुलं असतात, बचत गटाच्या बाया असतात. सगळ्यांनी आठ दिवस हात लावला की एखाद्या निराधार बाईचं घर होऊन जाईल, अशी ही कल्पना. भावना चांगली आहे, हिशेब कच्चा आहे.

समजून घेण्यापुरता घराचा एकूण खर्च १०० रुपये धरू. बांधकामातला जुना ठोकताळा असा की त्यातले साधारण ६५ रुपये साहित्याला जातात. सिमेंट, सळई, विटा, रेती, गिट्टी, दारं-खिडक्या आणि हे सगळं आणणाऱ्या ट्रॅक्टरचं भाडं यातच येतं. उरलेले ३५ मजुरीचे. त्यातले निम्मे तरी मिस्त्री, सेंट्रिंगवाला आणि सळई बांधणारा घेऊन जातात, आणि घ्यायलाच पाहिजेत, कारण ते काम येरागबाळ्याचं नाही. म्हणजे फावडं मारून, टोपली वाहून, पाणी ओतून जे काम होतं त्याची किंमत १०० मधले पंधरा-सतरा रुपये. गावातून पन्नास स्वयंसेवक आले काय आणि दोनशे आले काय, मजुरीत वाचणारी रक्कम याच्या वर जात नाही.

तरीही मी श्रमदानाच्या बाजूने आहे. विदर्भातलं गरिबाचं घर मजुरीपायी क्वचितच अडतं. ते कागदावर अडतं, जोत्यावर अडतं, काळ्या मातीत अडतं आणि एप्रिल-मेमध्ये पाण्यावाचून कच्चं राहतं. या जागा ओळखून गावाने हात लावला तर घर खरोखर स्वस्त पडतं, आणि टिकतंही. नुसता टोपल्या डोक्यावर घेऊन फोटो काढला तर घर होईलही, पण वाचणार काहीच नाही.

आधी सरकारी पैशाचा हिशेब

आज खेड्यात गरिबाचं पक्कं घर बहुतेक वेळा घरकुल योजनेतूनच उभं राहतं, म्हणून सुरुवात तिथूनच. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. त्याआधी इंदिरा आवास होती, आणि गावातली म्हातारी माणसं अजूनही मंजूर घराला 'इंदिरा आवास'च म्हणतात. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात. डोंगराळ आणि नक्षलग्रस्त भागात, म्हणजे गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं, स्वयंपाकाच्या जागेसह.

याशिवाय रोजगार हमीतून घरच्याच बांधकामावर ९० दिवसांची (डोंगराळ भागात ९५) अकुशल मजुरी मिळते. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी हा दर दिवसाला ३१२ रुपये होता, म्हणजे ९० दिवसांचे २८ हजार ८० रुपये. शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२५ मध्ये राज्य सरकारने आणखी ५० हजार जाहीर केले. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलला. सौर पॅनेल बाजूला ठेवून बेरीज केली तर १ लाख ९५ हजार ८० रुपये होतात. २६९ चौरस फुटांना भागलं की चौरस फुटाला सव्वासातशे रुपये. आता कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन मिस्त्रीला विचारा. पक्क्या स्लॅबच्या घराला चौरस फुटामागे हजाराच्या खाली आज कोणी बोलत नाही. ही तूट कुटुंबाने भरायची असते: कापसाच्या पैशातून, बचत गटाच्या कर्जातून नाही तर सावकाराकडून.

योजना एवढी एकच नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारधी समाजासाठी पारधी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि २०२३ पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास आहे. यवतमाळकडचे कोलाम आणि गडचिरोलीचे माडिया गोंड यांची गणना केंद्राच्या अतिमागास आदिम जमातींमध्ये होते. त्यांच्यासाठी पीएम-जनमनमधून घरामागे २ लाख रुपये आहेत. कोलाम पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, काम करणाऱ्या मंडळींनी ही शेवटची योजना आधी पाहावी. कुणाला कोणती योजना लागते हे शोधून देणं हेसुद्धा स्वयंसेवकाचंच काम आहे. त्यात घाम येत नाही, पण ८० हजारांचा फरक पडतो.

या सगळ्यात एक नियम फार महत्त्वाचा आहे आणि तो कुणी वाचत नाही. या घरांना ठेकेदार लावायची परवानगी नाही. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं. प्रत्यक्षात गावोगावी 'घरकुलाचा ठेका' घेणारी माणसं फिरतात ती गोष्ट वेगळी. दुसरी तरतूद अशी की लाभार्थी म्हातारा, आजारी किंवा अपंग असेल आणि स्वतः बांधू शकत नसेल, तर ते घर गवंडी प्रशिक्षणात घ्यावं. तेही जमलं नाही तर त्याला मदत मिळेल हे सरकारने पाहायचं. स्वयंसेवकांसाठी याहून मोठं दार नाही. मदत कुणाला करायची हा वाद गावात हमखास होतो. ग्रामसभेच्या यादीतली अशीच घरं आधी घ्या, म्हणजे 'आपल्या पार्टीचा' आणि 'त्याच्या पार्टीचा' हा प्रश्नच उरत नाही.

जोत्यावर पैसे का सरतात

विदर्भातल्या कोणत्याही गावात फिरा, पाच-सात अर्धवट घरकुलं दिसतील. काहींचं नुसतं जोतं झालेलं असतं, त्यावर बकऱ्या बसलेल्या. काहींच्या भिंती खिडकीपर्यंत येऊन थांबलेल्या.

"मावशी, घर कुठवर आलं?"

"काय सांगू भाऊ, जोत्यालेच पैसे सरले."

हे असं का होतं? पहिला हप्ता १५ हजारांचा असतो. पुढचा हप्ता जोतं झाल्यावर, त्याचा फोटो मोबाईल ॲपवर जागेच्या नोंदीसह चढल्यावर मिळतो. पण १५ हजारांत जोतं होत नाही. खोदाई, दगड, रेती, सिमेंट, भराव एवढं सगळं त्यात बसतच नाही. म्हणजे दुसरा हप्ता मिळवण्यासाठी आधी स्वतःचे पैसे घालावे लागतात, आणि ज्याच्याकडे ते असते तो या यादीत आला नसता.

यात भर पडते ती हौसेची. आयुष्यात एकदा घर होतंय, तर पोराच्या लग्नाचाही विचार करून ठेवू, म्हणून मंजूर २६९ चौरस फुटांऐवजी ५०० फुटांचं जोतं घातलं जातं. मिस्त्रीही अडवत नाही. त्याला काम वाढतं. मोठ्या जोत्यात अनुदानाचा मोठा भाग जमिनीखाली गाडला जातो आणि भिंतींना काही उरत नाही. माझ्या मते अर्धवट घरकुलांमागे भ्रष्टाचारापेक्षा हे कारण मोठं आहे, जरी चावडीवर चर्चा फक्त भ्रष्टाचाराची होते.

इथे गावाचा गट दोन कामं करू शकतो. पहिलं, खोदाईच्या आधी बसून नकाशा ठरवायचा: आता दोन खोल्या आणि ओसरी, पुढची खोली ज्या बाजूला निघेल तिकडच्या भिंतीत दाराची जागा सोडलेली. हे काम कुणी नातेवाईक करू शकत नाही. त्याने सांगितलं तर "तुले आमचं मोठं घर पाहावत नाही का?" असं ऐकावं लागतं. गटाने, तेही लेखी कागदावर आकडे मांडून सांगितलं तर ऐकलं जातं.

दुसरं, फिरता निधी. समजा गावाने वर्गणी, बचत गटांचा हिस्सा, बाहेर नोकरीला गेलेल्या पोरांचे पैसे असं मिळून लाखभर रुपये जमवले. त्यातून तीन कुटुंबांना जोत्यापुरते ३०-३० हजार बिनव्याजी द्यायचे. जोत्याचा हप्ता खात्यात आला की ते परत घ्यायचे आणि पुढच्या तिघांना द्यायचे. तोच लाख रुपया एका हंगामात दोनदा फिरतो. सावकाराचं शेकडा तीन-पाचाचं व्याज वाचतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घर मार्चमध्ये जोत्यावर थांबून पावसाळ्यात शिरत नाही.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस या लहान गावी मिलर्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही संस्था सुरू केली. तिचा पायाच हा होता. घर दान म्हणून द्यायचं नाही. नफा न घेता, बिनव्याजी, हप्त्यांनी द्यायचं, आणि परतफेडीतून पुढचं घर बांधायचं. ज्याचं घर त्याने स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या बांधकामावर ठरावीक तास राबायचं. भारतात ही संस्था १९८३ पासून आहे. २००६ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोणावळ्याजवळ आले आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी तिथे शंभर घरं बांधली, ती याच संस्थेच्या उपक्रमात. पेपरात हातोडी घेतलेल्या कार्टर यांचे फोटो छापून आले. त्यामागच्या परतफेडीच्या वहीबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही, आणि सगळी गंमत त्या वहीत आहे.

राबण्याचा भाग आपल्याला शिकवायची गरज नाही. शेतीत सावड आहे, इर्जिक आहे, म्हणजे एकमेकांच्या कामाला हात लावणं. गडचिरोलीच्या गोंड गावांत घराला गावाने हात लावायचा आणि घरमालकाने जेवण घालायचं ही रीत आहे. गाडगेबाबांनी लोकांच्या वर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार शिबिरात देशभरची पोरं येऊन कुदळ हातात घेतात. आपल्याकडे कमी पडते ती वही: कोण किती दिवस आला, कुणाला किती दिले, किती परत आले.

काळी माती

आता सगळ्यात अवघड भाग. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, बुलडाण्याचा मोठा पट्टा काळ्या कपाशीच्या जमिनीचा आहे. कपाशीला ही माती सोनं आहे आणि घराला वैरी. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. घराचा पाया या थरात उथळ बसला असेल तर दरवर्षी पावसाळ्यात तो उचलला जातो आणि उन्हाळ्यात खाली बसतो. सगळीकडे सारखा उचलला गेला असता तर बिघडलं नसतं. पण मोरीच्या बाजूला माती वर्षभर ओली असते, दक्षिणेची बाजू वाळलेली. एक कोपरा वर, एक खाली. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, ती लिंटलवरून, म्हणजे खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीवरून, छतापर्यंत जाते. नवीन घरकुलाला दोन वर्षांत अशी भेग पडली की लोक सिमेंटला शिव्या देतात. बहुतेक वेळा दोष सिमेंटचा नसतो.

माती किती फुगते हे गावच्या शाळेत तपासता येतं. सरकारी मानकातली चाचणीही हीच आहे. पायाच्या खोलीवरची माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळायची. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे. १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत टाकायचे. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे आणि २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये तळाशी बसलेली माती १० मिलिलिटरच्या खुणेवर आहे आणि पाण्यातली १८ वर. फरक ८, म्हणजे ८० टक्के फुगवटा. ५० टक्क्यांच्या आत असेल तर फार काळजी नाही. ५० ते १०० मध्यम. शंभराच्या वर गेलं तर मिस्त्रीच्या अंदाजावर पाया घालू नका, पंचायत समितीच्या अभियंत्याला जागेवर आणा. सातवी-आठवीच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला हे करायला लावलं तर मुलंही खुश, गावाचा खर्चही शून्य.

उपाय तसा सोपा आहे, फक्त अंगमेहनतीचा. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदायचं. मुरूम तीन-चार फुटांवर लागला तर नशीब. खूप खोल असेल तर चर रुंद खोदून त्यात मुरमाचा भराव घालायचा: अर्धा फूट मुरूम, पाणी, धुमसाने ठोकणं, मग पुढचा थर. घाई करून एकदम तीन फूट भरून वरून ठोकलं तर खालचा भाग पोकळ राहतो आणि पाया तिथेच बसतो. जोत्याच्या उंचीवर सगळ्या भिंतींखालून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, म्हणजे प्लिंथ बीम, घालायचा, म्हणजे एक कोपरा हलला तरी सगळं घर एकसंध राहतं. जोत्यात मातीचा भराव टाकताना खोदून निघालेली काळी माती परत आत टाकायची नाही. हे अगदी हमखास होतं, कारण ती समोरच पडलेली असते आणि फुकट असते. मग दोन पावसाळ्यांनी आतली फरशी उचलून येते.

श्रमदानाची खरी जागा इथे आहे. दोन खोल्यांच्या घराच्या भिंतींची एकूण लांबी साधारण २५ मीटर. पाऊण मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या जरा आत खोल असा चर धरला तर सुमारे साडेबावीस घनमीटर माती निघते, म्हणजे जवळपास आठ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सवयीचा मजूर दिवसाला दीड-दोन घनमीटर खोदतो. न सरावलेले वीस कॉलेजकुमार हेच काम दोन-तीन दिवसांत, हाताला फोड आणून, पूर्ण करतात. खोली वाढवायला मजुराला पैसे द्यावे लागतात, म्हणून मालक "बस झालं" म्हणतो. श्रमदानात एक फूट आणखी खोल जायला पैसा लागत नाही. त्या एका फुटाने घराचं आयुष्य वाढतं, आणि त्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

चर छातीएवढा खोल झाला की कडेला माती रचू नका, ढासळते. उतरायला शिडी ठेवा. जुनी कवेलू (कौलं) किंवा दगड उचलताना हातमोजे घाला. विंचू तिथेच असतो.

भिंत, छत आणि पाणी

भिंतींबाबत विदर्भाला एक फायदा आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथल्या औष्णिक वीज केंद्रांची राख इथेच आहे, आणि तिच्या विटा एकसारख्या आकाराच्या निघतात, त्यामुळे प्लास्टर कमी लागतं. विटा आडव्या न बसवता कडेवर उभ्या करून मधे पोकळी सोडण्याची पद्धत केरळात लॉरी बेकर यांनी रूढ केली. तिच्यात साधारण पाव विटा वाचतात, आणि पोकळीमुळे ऊन आत कमी येतं. आपल्याकडचे मिस्त्री तिला नाक मुरडतात. पहिल्या घराला वेळ जास्त लागतो हे त्यांचं म्हणणं खरंही आहे. म्हणून एकाच गावात दोन-तीन घरं असतील तरच या भानगडीत पडा.

छताबद्दल माझं मत थोडं कडू आहे. तुराट्यांचा कूड आणि कवेलूचं छत असलेली घरं मे महिन्यात जितकी थंड असत, तितकं नवं टिनाचं घर कधीच असणार नाही. पण दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरायचे कष्ट, त्यात माकडांचा हैदोस, आणि आता कवेलू बनवणारे कुंभारही विरळ. गावकऱ्यांनी टिन घेतलं तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा आजूबाजूला मिळणाऱ्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलूतच तिथल्या कुट्या उभ्या राहिल्या. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने पुढे कुंभाराच्या चाकावर शंकूसारखी कवेलू करून, ती एकमेकांत बसवून कमानीचं छत करायची पद्धत काढली. त्यात लाकूड नाही, सळई नाही. मेळघाटात लवादा इथे बांबूचं मोठं काम झालं आहे. हे सगळं जाऊन पाहण्यासारखं आहे. पण घरकुलाच्या कुटुंबावर प्रयोग लादू नका. त्यांनी स्लॅब मागितला असेल तर स्लॅबच द्या; गरिबाला स्लॅब हा ऊन-पावसाइतकाच मानाचा विषय आहे. जुन्या घराची कवेलू सांभाळून उतरवली तर ओसरीवर तरी चढवता येतात.

स्लॅब पडला की स्वयंसेवकांचं दुसरं मोठं काम सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच सगळे घरी गेलेले असतात. सिमेंट वाळून नव्हे, ओलं राहून घट्ट होतं. आज बाजारात मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटला किमान दहा दिवस, आणि आपल्या उन्हात चौदा दिवस, सतत ओल लागते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टँकर सुरू असतो, आणि पिण्याच्या पाण्याची मारामार असताना स्लॅबवर पाणी ओतायचं म्हणजे बाईला स्वतःच्याच घराची लाज वाटते. मग दोन दिवस पाणी मारून सोडून दिलं जातं आणि स्लॅब जन्मभर कच्चा राहतो. स्लॅबवर सिमेंटच्या पातळ वरंब्यांनी आळी करून पाणी साठवा, भिंतींना ओली पोती लावा. पाळ्या लावून चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ एकेक घर पाणी आणेल अशी व्यवस्था करा. या कामाचा फोटो कुणी काढत नाही.

कधी करायचं, कोणी करायचं

ऑक्टोबरपासून सोयाबीन, मग कापसाची वेचणी, जानेवारीत तूर, मार्चपर्यंत हरभरा-गहू. पूर्वेकडे एप्रिलमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. या वेळापत्रकात गावाच्या हाताला त्यातल्या त्यात उसंत फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मिळते. नदीतून रेती काढायला १० जून ते ३० सप्टेंबर बंदी असते, त्यामुळे रेतीचा साठा उन्हाळ्यातच करावा लागतो. घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत आहे, पण ती घाटावर, वाहतूक आपली. चार घरांची रेती एकत्र आणली तर ट्रॅक्टरचे फेरे कमी होतात. सिमेंटही तसंच एकत्र घ्या. गटाने वाचवलेला सगळ्यात सरळ पैसा हाच.

राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर गावात आलं तर त्यांना भिंती बांधायला लावू नका. त्यांच्याकडून चर खोदून घ्या, मुरूम भरून घ्या, रेती चाळून घ्या, जुनं घर उतरवून घ्या. भिंत मिस्त्रीनेच बांधायची आणि त्याला पूर्ण मजुरी द्यायची. "सगळे फुकट करतात, तुम्हीपण समाजसेवा समजा" असं मिस्त्रीला म्हणणारे गट मी पाहिले आहेत. मिस्त्री चार दिवसांनी दुसरीकडे जातो. त्यापेक्षा गावातल्या दोन-तीन पोरांना ४५ दिवसांच्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणात बसवा. ते प्रत्यक्ष घरकुलावरच होतं, आणि पुढच्या वर्षी गावाचा स्वतःचा मिस्त्री तयार असतो. रोजगार हमीचे ९० दिवस कुटुंबाचेच राहू द्या; हजेरीपटावर जो राबला त्याचंच नाव लागलं पाहिजे, श्रमदान त्याच्यावरच्या कामाला.

कागदाचं काम मात्र दिवाळीतच सुरू करा, कुदळ मारण्याच्या तीन महिने आधी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घर-जागेच्या कर आकारणीचा उतारा), जॉबकार्ड, आधार जोडलेलं बँक खातं, आणि जागा नवरा-बायको दोघांच्या नावे. जागाच नसेल तर दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत १ लाखापर्यंत मदत आहे. पूर्व विदर्भात एक वेगळाच फास आहे तो झुडपी जंगलाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसुली कागदात 'झुडपी जंगल' अशी नोंदलेली आहे. तिच्यावर घरं, शाळा, स्मशानं कधीचीच उभी आहेत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच आहे असं सांगितलं, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वापराला संरक्षणाचा मार्ग दाखवला. म्हणून सातबाऱ्यावर किंवा गावनकाशावर जागेची नोंद काय आहे हे तलाठ्याकडून लेखी घेतल्याशिवाय त्या सहा जिल्ह्यांत फावडं उचलू नका. खोदलेला चर बुजवायला लागला तर गटाचं मन पुन्हा लागत नाही.

घर झाल्यावर काळ्या मातीतली काळजी संपत नाही. भिंतीला लागून चारही बाजूंनी तीन फुटांची सिमेंटची पट्टी बाहेर उताराने करा, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. मोरीचं पाणी पाईपने लांब शोषखड्ड्यात सोडा. केळी आणि पपई परसात लावा, पण भिंतीपासून लांब. पहिला पावसाळा सरला की गटातल्या दोघांनी जाऊन खिडक्यांचे कोपरे पाहून यावे. केसासारखी भेग असेल तर पेन्सिलीने तिच्या टोकावर तारीख घाला आणि एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या. वाढली नसेल तर भरून टाका. बोटाचं नख आत जात असेल किंवा दार चौकटीत अडकायला लागलं असेल, तर भरत बसू नका, अभियंत्याला बोलवा.